विश्लेषण : मोबाइल डेटा खाल्ला कोणी? फोनचा कर्नल ‘आत्ता काम कोणाचे सुरू आहे’ हे कसे ओळखतो?

दिवसाचा दीड जीबी डेटा दुपारीच संपल्याचा मेसेज आला की पहिला प्रश्न असतो, ‘खाल्ला कोणी?’ मुळशी तालुक्यातील भरे गावातला कॉलेजचा विद्यार्थी असो किंवा त्याच तालुक्यातील हिंजवडीत आयटी कंपनीत काम करणारी अभियंता, दोघेही सेटिंग्ज उघडून ‘डेटा युसेज’ची यादी पाहतात. यादीत ज्या ॲपचे नाव सर्वात वर, ते दोषी. हा हिशेब फोनच्या आत, ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात म्हणजे कर्नलमध्ये ठेवला जातो. पण डेटाचे पॅकेट फोनपर्यंत पोहोचते त्या क्षणी प्रोसेसर भलत्याच ॲपचे काम करत असू शकतो. मग ते पॅकेट कोणाच्या नावावर मांडायचे? डेटाच्या हिशेबापासून सायबर सुरक्षेपर्यंत आणि फोन हँग होण्यापासून कॉम्प्युटरच्या निळ्या पडद्यापर्यंत अनेक गोष्टी या एका प्रश्नाशी जोडलेल्या आहेत.

टास्क म्हणजे काय आणि इंटरप्ट म्हणजे काय?

अँड्रॉइड फोनमध्ये लिनक्सचा कर्नल असतो. प्रत्येक ॲपचे काम कर्नलच्या दृष्टीने एक किंवा अनेक ‘टास्क’ असतात. प्रोसेसरच्या एका कोअरवर एका वेळी एकच टास्क चालतो. कर्नल त्यांना आळीपाळीने वेळ देतो आणि ‘सध्याचा टास्क’ कोणता याची नोंद ठेवतो. लिनक्सच्या कोडमध्ये या नोंदीला ‘करंट’ म्हणतात. ॲपने फाइल उघडायला सांगितली, तर ती उघडण्याचे काम कर्नल त्या टास्कच्या वतीने करतो. हा झाला टास्कचा संदर्भ.

दुसरा प्रकार इंटरप्टचा, म्हणजे व्यत्ययाचा. बोट स्क्रीनला लागले, वायफायच्या चिपकडे पॅकेट आले, घड्याळाचा टिकटिका झाला, की त्या त्या हार्डवेअरकडून प्रोसेसरला इशारा जातो. हातातले काम जिथल्या तिथे थांबवून प्रोसेसर आधी त्या इशाऱ्याकडे पाहतो आणि मग पुन्हा जुन्या कामाकडे वळतो. लिनक्समध्ये घड्याळाचा हा टिकटिका कर्नल बांधताना केलेल्या निवडीप्रमाणे सेकंदाला १००, २५० किंवा १००० वेळा होऊ शकतो. व्यत्यय अपवादाने येतात असे मुळीच नाही. प्रोसेसरचा तो नित्यक्रमच आहे.

लिनक्समध्ये इंटरप्टचे तीन थर आहेत. पहिला ‘हार्डआयआरक्यू’. यात हार्डवेअरच्या इशाऱ्याला अगदी थोडक्यात उत्तर दिले जाते. दुसरा ‘सॉफ्टआयआरक्यू’. पहिल्या थराने मागे ठेवलेले काम यात उरकले जाते. नेटवर्कवरून आलेली पॅकेट उलगडण्याचे बरेचसे काम इथेच होते. तिसरा ‘एनएमआय’, म्हणजे रोखताच न येणारा इंटरप्ट. यंत्र अडकून तर पडले नाही ना, हे पाहणारी यंत्रणा किंवा कामगिरी मोजणारी साधने त्याचा वापर करतात.

संदर्भ चुकला तर काय बिघडते?

गावातल्या किराणा दुकानाचे उदाहरण घेता येईल. दुकानदार एका गिऱ्हाइकाची उधारी वहीत लिहीत आहे. तेवढ्यात दुधाचा टेम्पो दारात येतो. दुकानदार पेन खाली ठेवतो, क्रेट उतरवून घेतो आणि परत वहीकडे वळतो. इथे त्याने दोन गोष्टी पाळायच्या असतात. टेम्पो दारात अडवून ठेवून ‘जरा बसतो, मग बघू’ असे म्हणायचे नाही. आणि उतरवलेले क्रेट समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या खात्यावर लिहायचे नाहीत, कारण त्या दुधाशी गिऱ्हाइकाचा काही संबंध नाही.

कर्नलचे नियमही हेच आहेत. पहिला : इंटरप्टच्या संदर्भात ‘झोपायचे’ नाही. म्हणजे डिस्कवरून माहिती येईपर्यंत किंवा कोणी कुलूप सोडेपर्यंत काम बाजूला ठेवून वाट पाहत थांबायचे नाही. टास्क झोपला तर कर्नल दुसरा टास्क चालवू शकतो. पण इंटरप्टला स्वतंत्र टास्कच नसतो, मग झोपवायचे कोणाला? हा नियम मोडला तर यंत्र हँग होऊ शकते. दुसरा : इंटरप्टच्या संदर्भात ‘करंट’वर विश्वास ठेवायचा नाही. तिथे ज्या टास्कचे नाव दिसते तो केवळ त्या क्षणी प्रोसेसरवर सापडलेला असतो.

पहिला नियम मोडल्याचे लगेच कळते. दुसरा मोडला तर काहीच कोसळत नाही, फक्त नोंद चुकीच्या नावावर होते. म्हणूनच ही चूक जास्त काळ लपून राहू शकते.

मग डेटाचा हिशेब बरोबर कसा लागतो?

अँड्रॉइडमध्ये इन्स्टॉल केलेल्या ॲपला साधारणपणे स्वतःचा क्रमांक म्हणजे ‘यूआयडी’ मिळतो. कोणत्या यूआयडीने किती बाइट पाठवले आणि किती घेतले, हे कर्नलमध्ये मोजले जाते. पूर्वी हे काम अँड्रॉइडसाठी खास लिहिलेले एक कर्नल मॉड्यूल करत असे. अँड्रॉइड ९ पासून कर्नल ४.९ किंवा त्यापुढचा असलेल्या फोनमध्ये ही मोजणी ‘ईबीपीएफ’ या तंत्राने होते. ईबीपीएफ म्हणजे चालू कर्नलमध्ये बाहेरून बसवता येणारे छोटे प्रोग्रॅम. कर्नलचा मूळ कोड न बदलता, फोन किंवा सर्व्हर बंद न करता ते कामाला लावता येतात.

आता येणाऱ्या पॅकेटचा विचार करा. ते उलगडले जाते सॉफ्टआयआरक्यूमध्ये. त्या क्षणी ‘करंट’ असेल गाणी वाजवणारे ॲप, आणि पॅकेट असेल व्हिडिओ ॲपचे. मोजणी करणाऱ्या प्रोग्रॅमने सध्याचा टास्क कोणता एवढेच विचारले असते, तर व्हिडिओचा डेटा गाण्यांच्या खात्यात गेला असता. म्हणून अँड्रॉइडचा प्रोग्रॅम टास्क विचारतच नाही. पॅकेट ज्या सॉकेटसाठी आले आहे, त्या सॉकेटचा मालक कोण हे तो पाहतो. सॉकेट ॲपने स्वतः उघडलेले असते, त्यामुळे त्यावरचा यूआयडी पॅकेट कोणत्याही क्षणी आले तरी बदलत नाही. दुकानदाराने क्रेटवरची चिठ्ठी वाचून नोंद करावी, तसेच हे.

पण प्रत्येक घटनेला अशी चिठ्ठी चिकटवलेली नसते. जिथे ती नसते, तिथे आधी संदर्भ ओळखावा लागतो.

कर्नल संदर्भ ओळखतो कसा?

लिनक्समध्ये यासाठी ‘प्रीएम्प्ट काउंट’ नावाचा ३२ बिटचा एक आकडा असतो. त्या एकाच आकड्यात वेगवेगळे कप्पे केलेले आहेत. सर्वात उजवीकडचे ८ बिट ‘सध्या टास्क बदलू नका’ असे किती वेळा सांगितले आहे ते मोजतात. पुढचे ८ बिट सॉफ्टआयआरक्यूसाठी, त्यापुढचे ४ हार्डआयआरक्यूसाठी आणि त्यापुढचे ४ एनएमआयसाठी. हार्डवेअरचा इंटरप्ट सुरू झाला की तिसऱ्या कप्प्यात एक वाढतो, संपला की एक कमी होतो. मोजणी ठेवण्याचे कारण असे, की एक व्यत्यय सुरू असताना त्यावर दुसरा येऊ शकतो.

त्यामुळे ‘आपण कुठे आहोत?’ याचे उत्तर हा आकडा वाचून मिळते. एनएमआयचा कप्पा शून्य, हार्डआयआरक्यूचा शून्य आणि सॉफ्टआयआरक्यू चालू नाही, म्हणजे टास्कचा संदर्भ. कर्नलच्या कोडमध्ये या तपासणीचे नावच ‘इन टास्क’ असे आहे. ‘इन हार्डआयआरक्यू’, ‘इन सर्व्हिंग सॉफ्टआयआरक्यू’ आणि ‘इन एनएमआय’ या तिच्या भावंडांच्या तपासण्या.

यात एक जुनी मेख आहे. सॉफ्टआयआरक्यूचा कप्पा दोन कारणांनी वाढतो. सॉफ्टआयआरक्यू खरोखर चालू असेल तर १ ने, आणि एखाद्या टास्कनेच ‘थोडा वेळ सॉफ्टआयआरक्यू येऊ देऊ नका’ असे सांगितले असेल तर २ ने. ‘इन इंटरप्ट’ ही जुनी तपासणी या दोन्हींत फरक करत नाही. टास्क स्वतःचेच काम करत असतानाही ती ‘होय, इंटरप्ट’ असे उत्तर देऊ शकते. नेमके उत्तर हवे असेल तर ‘चालू आहे’ दाखवणारा एकच बिट पाहावा लागतो. ‘इन टास्क’ तेच करते.

लॉगमध्ये छापलेले नाव निर्दोष कसे असू शकते?

झोपण्याचा नियम मोडला गेला की लिनक्स आपल्या नोंदीत ‘बग : शेड्युलिंग व्हाइल ॲटॉमिक’ असा संदेश लिहितो. त्यापुढे तीन गोष्टी येतात : टास्कचे नाव, त्याचा क्रमांक आणि हाच प्रीएम्प्ट काउंट, सोळाच्या अंकपद्धतीत. नवशिके फक्त नाव वाचतात आणि त्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतात. शेवटचा आकडा वाचला तर तो वेळ वाचतो.

समजा आकडा ०००१०००२ असा आहे. उजवीकडचे दोन अंक पहिल्या कप्प्याचे, त्याआधीचे दोन सॉफ्टआयआरक्यूचे, त्याआधीचा एक हार्डआयआरक्यूचा आणि त्याच्याही आधीचा एनएमआयचा. इथे हार्डआयआरक्यूच्या जागी १ आहे. म्हणजे चूक हार्डवेअरचा इंटरप्ट हाताळणाऱ्या कोडमध्ये घडली आणि शेजारी छापलेला टास्क केवळ त्या वेळी तिथे होता. अनेकदा हे नाव ‘स्वॅपर’ असते. स्वॅपर हा रिकाम्या बसलेल्या प्रोसेसरचा टास्क. त्याला दोष देण्यात अर्थ नसतो.

ईबीपीएफ प्रोग्रॅमसाठी हे अवघड का?

२०१४ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या लिनक्स ३.१८ मध्ये ईबीपीएफसाठीचा सिस्टम कॉल आला. आज सर्व्हरवर घुसखोरीची चाहूल घेणारी, नेटवर्क सांभाळणारी आणि कामगिरी मोजणारी कित्येक साधने त्यावर उभी आहेत. असा प्रोग्रॅम कर्नलच्या एखाद्या फंक्शनला जोडला, की ते फंक्शन जेव्हा चालेल तेव्हा हाही चालतो. फंक्शन टास्कच्या वतीने चालले की इंटरप्टमध्ये, याला प्रोग्रॅमचा इलाज नसतो.

ईबीपीएफ प्रोग्रॅम कर्नलमध्ये बसवण्याआधी ‘व्हेरिफायर’ त्याची कसून तपासणी करतो. तो भलत्या मेमरीला हात लावणार नाही, अनंत काळ फिरत राहणार नाही, झोपण्याची परवानगी नसताना झोपणार नाही, हे पाहिले जाते. झोपू शकणारे प्रोग्रॅम तर वेगळे म्हणूनच जाहीर करावे लागतात. म्हणजे पहिल्या नियमाची काळजी यंत्रणा घेते. दुसऱ्या नियमाची मात्र घेत नाही. ‘सध्याच्या टास्कचा क्रमांक द्या’ असे प्रोग्रॅमने इंटरप्टमध्ये विचारले, तरी कर्नल क्रमांक देतो. तो क्रमांक खरा असतो. त्याचा घटनेशी संबंध आहे का, हे कोणी तपासत नाही. सुरक्षेच्या साधनाने ही नोंद तशीच पुढे पाठवली, तर संशयित जोडणीचे खापर एखाद्या साध्या प्रोग्रॅमवर फुटू शकते आणि खरा घुसखोर यादीत दिसतच नाही.

यावर उपाय म्हणजे ईबीपीएफ प्रोग्रॅमने स्वतः प्रीएम्प्ट काउंट वाचणे. त्यातही खाचखळगे आहेत. इंटेल-एएमडी प्रोसेसरवर हा आकडा प्रत्येक कोअरसाठी वेगळा ठेवलेला असतो, तर फोनमधल्या ६४ बिट आर्म प्रोसेसरवर तो टास्कच्या नोंदीत असतो. इंटेल-एएमडीच्या बाबतीत त्याची जागा आवृत्तीप्रमाणेही बदलली आहे. मधल्या काही आवृत्त्यांत तो दुसऱ्या एका रचनेत हलवला गेला होता. शिवाय काही ठिकाणी ईबीपीएफ प्रोग्रॅम चालवण्यासाठी कर्नल स्वतःच टास्क बदलणे थांबवतो, त्यामुळे पहिला कप्पा शून्य नाही एवढ्यावरून ‘इंटरप्ट आहे’ असे म्हणता येत नाही.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या लिनक्स ६.१२ ने यात आणखी एक भर घातली. काटेकोर वेळेत काम करणारी ‘प्रीएम्प्ट आरटी’ पद्धत या आवृत्तीपासून मुख्य कर्नलमध्ये निवडता येऊ लागली. कारखान्यातील नियंत्रण यंत्रणांसारख्या ठिकाणी तिचे महत्त्व मोठे आहे. या पद्धतीत सॉफ्टआयआरक्यूची मोजणी प्रीएम्प्ट काउंटमध्ये न ठेवता टास्कच्या नोंदीत वेगळी ठेवली जाते. म्हणजे एका कर्नलवर बरोबर उत्तर देणारी तपासणी दुसऱ्यावर चुकू शकते.

याच आवृत्तीत ‘शेड एक्स्ट’ आले. प्रोसेसरचा वेळ कोणत्या टास्कला द्यायचा हे ठरवणारा शेड्युलरच त्यामुळे ईबीपीएफमध्ये लिहिता येतो. अशा शेड्युलरला ‘कोणी कोणाला जागे केले’ हे समजले तर एकमेकांवर अवलंबून असलेली कामे लवकर उरकता येतात. पण नेटवर्कचे पॅकेट आल्यामुळे एखादा टास्क जागा झाला, तर त्याला ‘करंट’ने जागे केले असे धरणे चूक ठरते. तिथेही आधी संदर्भ पाहावा लागतो.

संदर्भ ओळखला की प्रश्न सुटतो का?

पूर्णपणे नाही. कर्नल काही कामे आपल्या स्वतःच्या कामगार टास्ककडे सोपवतो. ‘केवर्कर’ नावाने ते यादीत दिसतात. ॲपने लिहिलेली माहिती प्रत्यक्ष स्टोरेजवर उतरवण्याचे काम बऱ्याचदा असा कामगार नंतर करतो. तेव्हा संदर्भ टास्कचाच असतो, पण काम दुसऱ्याचे. म्हणून ‘इन टास्क’चे उत्तर ‘होय’ आले, तरी मालक कोण हे घटनेच्या स्वरूपावरून ठरवावे लागते.

शिवाय संदर्भ ओळखून त्याप्रमाणे वागणे बदलण्याची सवय कर्नलच्या जाणकारांना मान्य नाही. काही ड्रायव्हर ‘झोपता येईल का ते बघू आणि मग ठरवू’ अशा पद्धतीने लिहिलेले होते. ‘इन ॲटॉमिक’ नावाची तपासणी यासाठी वापरू नये, असा इशारा कर्नलच्या कोडमध्येच लिहिलेला आहे; काही प्रकारच्या कर्नलमध्ये टास्कने कुलूप धरले आहे हे तिला कळतच नाही. २०२० मध्ये थॉमस ग्लाइक्सनर आणि सेबास्टियन सिव्हियर या विकासकांनी नेटवर्क ड्रायव्हरमधून अशा तपासण्या काढून टाकण्याची मोहीमच घेतली. त्यांचे म्हणणे सरळ होते : फंक्शन कोणत्या संदर्भातून बोलावले जात आहे हे बोलावणाऱ्याला माहीत असते, त्यानेच ते सांगावे. निरीक्षण करणाऱ्या ईबीपीएफ प्रोग्रॅमची गोष्ट वेगळी. त्याला सांगणारे कोणी नसते, म्हणून त्याला ओळखावे लागते.

विंडोजमध्ये हा प्रश्न येतो का?

येतो, आणि अनेकांनी तो डोळ्यांनी पाहिलेला आहे. निळ्या पडद्यावर येणारा ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’ हा संदेश याच जातीचा. विंडोजचा कर्नल प्रत्येक क्षणी एका पातळीवर काम करतो; साधे काम ० पातळीवर, इंटरप्ट वरच्या पातळ्यांवर. वरच्या पातळीवर असताना एखाद्या ड्रायव्हरने तिथे न चालणाऱ्या मेमरीला हात लावला, की विंडोज थांबते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले आणि भारतातील विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्या वेळचे कारण संदर्भाचे नव्हते, मेमरीच्या हद्दीबाहेर वाचण्याचे होते. पण कर्नलच्या आत चाललेल्या कोडची एक चूक किती महागात पडते, हे त्या दिवशी सर्वांना दिसले.

पुण्याचा याच्याशी काय संबंध?

लिनक्सच्या कोडमध्ये ‘केजीडीबी’ नावाची सोय आहे. चालू कर्नल मध्येच थांबवून, दुसऱ्या संगणकावरून त्याची तपासणी करण्याची ही सोय. तिच्या मुख्य फाइलच्या माथ्यावर हक्कधारकांची जी यादी आहे, तिच्यात २०००-२००१ साठी व्हेरिटास सॉफ्टवेअर, २००३-२००४ साठी अमित एस. काळे आणि २००४ ते २००६ साठी लिनसिससॉफ्ट टेक्नॉलॉजीज ही नावे आहेत. लिनसिससॉफ्ट ही पुण्यातील कंपनी. काळे यांनी अनेक वर्षे मुख्य कर्नलच्या बाहेर, पॅचच्या रूपात केजीडीबी सांभाळले. कर्नलमध्ये डीबगर असावा की नाही यावर तेव्हा मतभेद होते. लिनस टॉरव्हाल्ड्स यांचा त्याला विरोध जाहीर होता. पुढे जेसन वेसेल आणि इतरांच्या कामानंतर जुलै २००८ मध्ये आलेल्या लिनक्स २.६.२६ मध्ये केजीडीबी मुख्य कर्नलचा भाग झाले.

संदर्भाचा प्रश्न डीबगरला सर्वात जास्त छळतो. कर्नल कुठेही थांबू शकतो. टास्कमध्ये, इंटरप्टमध्ये किंवा एखादे कुलूप हातात असताना. थांबल्यावर बाकीचे सगळे कोअरही थोपवावे लागतात. या अवस्थेत कोणालाही झोपता येत नाही. म्हणून केजीडीबीमध्ये ‘इन डीबीजी मास्टर’ ही वेगळी तपासणी आहे. इंटरप्ट बंद आहेत का आणि डीबगर याच कोअरवर चालू आहे का, एवढेच ती पाहते. झोपायचे की नाही हे ठरवताना ग्राफिक्सच्या कोडनेही तिचा आधार घेतला आहे.

सामान्य वापरकर्त्याने यातून काय घ्यावे?

अँड्रॉइडची डेटाची यादी सॉकेटच्या मालकावरून बनते, त्यामुळे ती पाहून ॲपवर मर्यादा घालणे योग्यच आहे. इतर साधनांबाबत थोडी सावधगिरी हवी. संगणक मंद का चालतो हे दाखवणाऱ्या ‘टॉप’ या लिनक्स आज्ञेत प्रोसेसरच्या वेळेचे जे रकाने असतात, त्यात ‘एचआय’ आणि ‘एसआय’ हे हार्डवेअर व सॉफ्टवेअर इंटरप्टचे. ते फुगलेले दिसले तर यादीतल्या पहिल्या प्रोग्रॅमला बंद करून उपयोग होत नाही. कारण नेटवर्क कार्ड, डिस्क किंवा ड्रायव्हरमध्ये शोधावे लागते. सुरक्षेच्या साधनाने एखाद्या प्रोग्रॅमचे नाव दिले असेल, तर कारवाईआधी ती नोंद टास्कच्या संदर्भातली आहे की इंटरप्टमधली, हे संबंधित तंत्रज्ञाला विचारून घ्यावे. इंटरप्टमधली असेल, तर ते नाव फक्त त्या क्षणी प्रोसेसरवर कोण होते एवढेच सांगते.